कंपनीची गाडी गेली कुठे?

मे २०२० मधली गोष्ट. टाळेबंदीला दीड महिना होत आला होता. आमच्या वस्तीच्या तोंडाशी, जिथे एरवी रिक्षावाला आत यायला कुरकुर करतो, तिथे एके दिवशी सकाळी सहा वाजता एक मोठी बस येऊन उभी राहिली. बस सिन्नरच्या एका कारखान्याची. पन्नास माणसांच्या त्या गाडीत पंधरा-सोळा जणच बसायचे, एका बाकावर एक. चढण्याआधी कपाळासमोर ताप मोजायचे यंत्र धरत आणि हातावर सॅनिटायझर टाकत. आमच्या शेजारचा मुलगा त्या कारखान्यात ठेकेदाराकडे हेल्पर होता. सहा वर्षांच्या नोकरीत कंपनीच्या गाडीत तो पहिल्यांदाच बसत होता. त्याची आई दारात उभी राहून म्हणाली, "भाऊ, माझ्या पोराला आज साहेबासारखं न्यायला आले बघा."

आम्हाला हसू आले आणि वाईटही वाटले. कायम कामगाराला गाडी आणि ठेकेदाराच्या माणसाने आपले आपण यावे, ही अनेक कारखान्यांची जुनी रीत. जी रीत युनियनच्या पत्रांनी मोडली नाही ती एका रोगाने काही महिन्यांपुरती मोडली होती.

ही गाडी मालकाच्या मनात दया उपजली म्हणून आलेली नव्हती. केंद्रीय गृह मंत्रालयाने १५ एप्रिल २०२० रोजी जे आदेश काढले, त्यात कारखाने सुरू करण्याच्या अटी होत्या. शक्यतो कामगारांची राहण्याची सोय आवारात किंवा शेजारी करावी. ने-आण करायची तर ती मालकाने स्वतंत्र वाहनाने करावी. वाहनात क्षमतेच्या ३० ते ४० टक्केच माणसे बसवावीत. दोन पाळ्यांत एक तासाचे अंतर ठेवावे. जेवणाची सुटी सर्वांना एकदम देऊ नये. कामगारांचा वैद्यकीय विमा उतरवावा. हे आम्ही मुद्दाम तपशीलाने सांगतो आहोत. कामगाराला घरून कामावर आणणे ही मालकाची जबाबदारी आहे, असे सरकारने लेखी म्हटले आणि मालकांनी ते मुकाट्याने केले, असा काळ आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिला आहे. परवडत नाही, जमत नाही, गाड्या मिळत नाहीत, ही उत्तरे त्या वेळी कोणी दिली नाहीत.

घरून काम कोणाचे?

त्याच दिवसांत वर्तमानपत्रांतून एक नवा शब्द घरोघर पोचला, "वर्क फ्रॉम होम". पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांतली मुले लॅपटॉप घेऊन नाशिकला आईवडिलांकडे परतली. कॉलेजरोड, गंगापूररोडकडच्या फ्लॅटमधून अमेरिकेची कामे होऊ लागली. आपल्याही समाजातली काही शिकलेली मुले त्यात होती, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण वस्तीत फिरून पाहिले तर चित्र वेगळे होते. वेल्डर घरून वेल्डिंग करीत नाही. घंटागाडीवरचा माणूस, दवाखान्यातली आया, सोसायटीचा रखवालदार, बिटको चौकातला हमाल यांना घरून काम कसे करता येणार? त्यांना दोनच पर्याय होते. जीव मुठीत धरून कामावर जाणे, नाहीतर बिनपगारी घरी बसणे. टाळेबंदीत पूर्ण पगार द्यावा असा केंद्राचा २९ मार्च २०२० चा आदेश होता खरा, पण तो १८ मे पासून मागे घेतला गेला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी आपसात बोलून तोडगा काढावा असे सांगितले. ठेकेदाराशी आपसात बोलून काय निघते हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

आम्ही स्वतः कारकून. हिशेबाच्या वह्या आणि संगणक हे आमचे काम, म्हणजे घरून करण्याजोगे. जून २०२० मध्ये खाजगी कार्यालयांना दहा टक्के हजेरीची परवानगी मिळाली. त्या दहा टक्क्यांत साहेब बसले आणि आम्हाला सांगण्यात आले की काम घरून करा. घर म्हणजे दोन खोल्या. एका खोलीत दोन मुलांची एका मोबाईलवर शाळा, दुसरीत मुलांच्या आईचे शिलाई मशीन. आम्ही ओट्याशेजारी पाट टाकून बिलांच्या नोंदी करीत होतो. नेटचा पैसा आमचा, वीज आमची आणि फोन रात्री दहालाही यायचा. दोन महिन्यांनी पगारपत्रक हाती आले तेव्हा प्रवासभत्त्याचा रकाना कोरा होता. विचारले तर उत्तर मिळाले, "तुम्ही प्रवास करता कुठे?" बरोबर आहे. पण आमच्या घराचे कार्यालय झाले त्याचे भाडे कोणी दिले?

तेव्हा आम्हाला सिन्नरच्या विडी वळणाऱ्या मावश्या आठवल्या. घरून काम ही नवी गोष्ट नाही. सिन्नर, नाशिक, अहिल्यानगर, सोलापूरकडच्या हजारो बायांनी पिढ्यान्‌पिढ्या घरूनच काम केले. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू, पाठीशी लेकरू. कारखानदाराला जागा लागली नाही, दिवाबत्ती लागली नाही, पाळणाघर लागले नाही. वळलेल्या विड्या घेऊन बाई गेली की छाटीत किती जातील याचा भरवसा नाही. ती कामगारच आहे हे मान्य व्हायला १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा यावा लागला. त्यात घरी बसून विडी वळणारीलाही कामगार धरले, तेव्हा कुठे ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधी या गोष्टी तिच्यापर्यंत पोचू लागल्या. जे आमच्या मावश्यांनी सुपावर सोसले ते लॅपटॉपवाल्यांना २०२० मध्ये कळले, एवढाच फरक. त्यांच्यासाठी मात्र मोठमोठे लेख लिहिले गेले.

पंचवटीने जाणारे

नाशिकरोडचा नोकरदार वर्ग एका गाडीवर जगतो. १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्सप्रेस. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड, साडेदहा-अकराला मुंबई, संध्याकाळी परतीची वाट. एकूण सुमारे १९० किलोमीटर एका बाजूने. आपले कित्येक बांधव मंत्रालयात, बँकांत, रेल्वेत, बीएसएनएलमध्ये असे रोज ये-जा करून संसार नाशिकला चालवीत आले. मार्च २०२० मध्ये गाडी बंद झाली. पुढे ती सुरू झाली ती विशेष गाडी म्हणून, राखीव आसनाचे तिकीट काढूनच बसायचे. मासिक पास चालेना. पासावर जाणाऱ्या माणसाने रोजचे तिकीट काढायचे म्हणजे निम्मा पगार रेल्वेला.

मुंबईत उतरल्यावर पुढे लोकल. १५ जून २०२० पासून ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांना, ऑक्टोबरपासून महिलांना, १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना, पण पहाटे, दुपारी आणि रात्री नऊनंतर. ज्या वेळात नोकरदाराला जायचे असते नेमके ते तास वगळलेले. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीचे दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना मोकळी झाली. सरकारने कार्यालयांना विनंती केली होती की कामाच्या वेळा बदला, सर्वांना एकाच वेळी बोलावू नका, चोवीस तासांत विभागून काम करा. किती कार्यालयांनी ऐकले? आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या साहेबांनी उत्तर दिले की वेळ दहाचीच, तुम्ही कसे येता तो तुमचा प्रश्न. त्यांनी डोंबिवलीला मेहुण्याच्या घरी आठ महिने पथारी टाकली आणि शनिवार-रविवारी मुलांना भेटायला येत राहिले.

तरी सांगितले पाहिजे की काही कार्यालयांनी शहाणपण दाखविले. एक आड एक दिवस हजेरी, सकाळी लवकर येऊन लवकर जाणे, अशा सवलती दिल्या आणि काम अडले नाही. निर्बंध संपूर्ण उठले १ एप्रिल २०२२ रोजी. त्यानंतर एकेक करून सर्वांना दहा ते सहा बोलावणे झाले. मोठ्या संगणक कंपन्यांनी सुद्धा २०२३ पासून माणसे परत बोलाविली, पण आठवड्याचे एक-दोन दिवस घरून करण्याची मुभा अनेकांनी ठेवली. आमच्यासारख्या कारकुनाला ती नाही. का नाही, तर "साहेबांना माणूस समोर दिसावा लागतो."

गाडी बंद, काम चालू

आता पुन्हा त्या सिन्नरच्या बसकडे येऊ.

दुसऱ्या लाटेत नाशिकने काय भोगले ते आठवले तरी अंगावर काटा येतो. २१ एप्रिल २०२१ रोजी डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून माणसे गुदमरून गेली. १२ मे पासून जिल्ह्यात कडक निर्बंध लागले. कामगारांची राहण्याची सोय आवारात किंवा जवळपास करता येईल त्याच कारखान्यांना चालण्याची मुभा होती. शेजारचा मुलगा तेव्हा दहा-अकरा दिवस कंपनीतच झोपला. पत्र्याच्या शेडमध्ये गाद्या टाकल्या होत्या, डबा कंपनीचा. त्याची आई रोज संध्याकाळी आमच्या फोनवरून त्याच्याशी बोलायची.

जून २०२१ पासून निर्बंध सैल होऊ लागले आणि लसीकरण वाढले. ऑगस्टमध्ये शासनाने सांगितले की ज्या आस्थापनांतील सर्वांचे लसीकरण पूर्ण झाले आहे त्यांनी शंभर टक्के हजेरीने काम करावे. गेटवर प्रमाणपत्र पाहूनच आत घेऊ लागले. दुसऱ्या डोसाची तारीख यायची होती त्यांचे खाडे पडले. ते कोणी भरून दिले नाहीत. आणि हजेरी शंभर टक्के झाली त्याच महिन्यात वस्तीच्या तोंडाशी येणारी बस बंद झाली. कायम कामगारांची गाडी राहिली. ठेकेदाराच्या माणसांना सांगितले, "आता सगळं सुरू झालंय, तुमचं तुम्ही या."

सगळे सुरू कुठे झाले होते? नाशिक शहरात महापालिकेची सिटीलिंक बससेवा ८ जुलै २०२१ ला सुरू झाली, पण तिसऱ्या पाळीला जाणाऱ्याला मध्यरात्री सिन्नरच्या रस्त्यावर ती कशी मिळणार? (पुढे त्या बसवरच्या ठेक्याच्या वाहकांनाही थकलेल्या पगारासाठी वेळोवेळी संप करावा लागला. कामगारांना नेणारेही शेवटी आपल्यासारखेच.) रिक्षात दोनच माणसे बसवायचा नियम असताना भाडे जे वाढले ते नियम गेल्यावर खाली आले नाही. मग ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला. ती मंडळी शासनात विलीनीकरण मागत होती. त्यांची मागणी आम्हाला रास्त वाटते, आपले असंख्य बांधव त्यात होते. पण एप्रिल २०२२ पर्यंत, जवळजवळ सहा महिने, लालपरी रस्त्यावर नीट आली नाही. दिंडोरी, निफाड, इगतपुरी, सिन्नरकडून येणारा-जाणारा कामगार काळी-पिवळीत कोंबून किंवा कर्जाच्या मोटारसायकलवर जाऊ लागला.

आम्ही बी.कॉम. माणूस, हिशेब मांडण्याची खोड. सिडकोतून सिन्नरच्या वसाहतीत जायचे तर जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर. मोटारसायकल लिटरला ४५ किलोमीटर देते असे धरू. महिन्याचे २६ दिवस म्हणजे सुमारे ३५ लिटर. २०२१ च्या उन्हाळ्यात पेट्रोल शंभरावर गेले आणि पुढेही चढले. ११० रुपये भाव धरला तर महिन्याला ३,८०० रुपयांच्या वर. गाडीचा हप्ता वेगळा. हातात बारा हजार पडणाऱ्या मुलाने कंपनीपर्यंत पोचण्यासाठी आपल्या पगाराचा तिसरा हिस्सा खर्च करायचा. कंपनीने एक बस बंद करून जे वाचविले ते असे पन्नास घरांतून वसूल झाले.

जानेवारी २०२२ च्या एका रात्री तिसरी पाळी गाठायला निघालेल्या शेजारच्या मुलाला महामार्गावर मागून एका टेम्पोने उडविले. जीव वाचला. उजव्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले, दोन शस्त्रक्रिया झाल्या, पाच महिने खाटेवर. ठेकेदार एकदाच आला, दोन हजार रुपये आणि सफरचंदे ठेवून गेला. पगाराचे विचारले तेव्हा म्हणाला, "गेटच्या आत झालं असतं तर बघितलं असतं. बाहेरचं आमच्याकडे नाही."

हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आम्हालाही ते खरे वाटू लागले होते. ते खरे नाही. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० मध्ये कलम ५१-ई घातले गेले. घरून कामावर जाताना किंवा काम संपवून घरी येताना अपघात झाला आणि वेळ, जागा व परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसला, तर तो कामावरचाच अपघात मानायचा. ज्याचा ई.एस.आय. कापला जातो त्याला हे लागू. २०१७ पासून महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार यात येतो, तो ठेकेदाराचा असला तरी येतो. कामावरील दुखापतीने घरी बसावे लागले तर पगाराच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो आणि मृत्यू झाला तर घरच्यांना निवृत्तिवेतन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही जाण्या-येण्याच्या वाटेवरचा अपघात धरलेला आहे.

ई.एस.आय. नसलेल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ चा निकाल लक्षात ठेवावा. तो आपल्याच मराठवाड्यातला, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. साखर कारखान्याचा एक रखवालदार. पहाटे तीन ते सकाळी अकरा अशी त्याची पाळी. २००३ मध्ये पाळीवर जाताना कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर मोटारसायकलचा अपघात होऊन तो गेला. घरच्यांना तीन लाख सव्वीस हजारांची भरपाई मंजूर झाली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि बावीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. पहाटे तीनच्या पाळीला निघालेला माणूस हौसेने फिरायला निघालेला नसतो, इतकी साधी गोष्ट ठरायला बावीस वर्षे!

शेजारच्या मुलाचे आम्ही कागद गोळा केले. हजेरीचा पुरावा, त्या दिवशी तिसरी पाळी होती हे दाखविणारा मोबाईलवरचा संदेश, पोलीस पंचनामा, दवाखान्याचे कागद, पगारपत्रक, विमा क्रमांक. ठेकेदार अपघाताचा अहवाल भरून द्यायला तयार नव्हता. लेखी अर्ज देऊन पोच घेतली तेव्हा भरला. नऊ हेलपाटे झाले. पैसे मिळाले. नोकरी परत मिळाली नाही. आता तो सातपूरला एका दुकानात बसून काम करतो, थंडीत पाय दुखतो म्हणतो.

हे सगळे आता जुने झाले असे कोणी म्हणेल. पण सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. टाळेबंदीतही एप्रिल ते जून २०२० या काळात महाराष्ट्रात अशी सूट दिली होती, पण तिथे जादा तासांना दुप्पट मजुरीची अट होती. गुजरातने ती अट न घालता सूट दिली, ती सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली. परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे सदस्य होते. आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले. बारा तास काम आणि जाण्या-येण्याचे तीन तास, म्हणजे पंधरा. मुलांना शिकवायला, विहारात यायला, झोपायला उरले किती? कामाचे तास मोजताना वाटेचे तास कोणीच मोजत नाही, आपली युनियनसुद्धा नाही.

महिलांच्या बाबतीत तर कायद्यात सोय आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ नुसार रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीने कामावर ठेवायचे असेल तर घराच्या दारापर्यंत पोचविण्याची व्यवस्था मालकाने करायची आहे. मॉलमध्ये, कॉल सेंटरमध्ये जाणाऱ्या आपल्या मुलींनी हे माहीत करून घ्यावे. कोपऱ्यावर सोडणे म्हणजे दारापर्यंत सोडणे नव्हे.

गेल्या महिन्यात विहारात रविवारच्या वंदनेनंतर आम्ही तरुण मुलांना विचारले की कोणाकोणाला आपला ई.एस.आय. क्रमांक पाठ आहे किंवा मोबाईलमध्ये आहे. तेवीस मुले होती. चौघांनी हात वर केले. म्हणून दोन कामे ठरविली आहेत. एक, प्रत्येकाचा क्रमांक व पगारपत्रक पाहून वहीत नोंद करायची. दुसरे, अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या ज्या कारखान्यांत आपली मुले ठेकेदाराकडे आहेत तिथे द्यायचे मागणीपत्र तयार केले आहे. त्यात एकच मागणी आहे, की २०२० मध्ये ज्या गाडीने नेत होता त्या गाडीत ठेकेदाराच्या कामगारांनाही जागा द्या, नाहीतर पगारपत्रकात प्रवासभत्त्याचा रकाना भरा.

मागणीपत्र येत्या रविवारी वंदनेनंतर सह्यांसाठी विहारात ठेवलेले असेल. येताना पगारपत्रक आणावे आणि जमल्यास पेनही. मागच्या वेळी आमची तीन पेने गेली.